खळ्यातला ॲक्सल

गाडीचं स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूच रेस दिली की पुढच्या एखाद्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येतो. गाडी सरळ रस्त्याला लागली की तो थांबतो, म्हणून बहुतेक लोक तो विसरून जातात. आमच्या चिपळूणहून कुंभार्ली घाट चढायला लागलं की मात्र विसरायची सोय राहत नाही. एकामागून एक वळणं येतात आणि प्रत्येक वळणावर चाक तक्रार करतं. हा आवाज घेऊन आलेल्या गाड्यांना मी गेल्या वीसेक वर्षांतले कितीतरी रविवार दिले, आणि आनंदाने दिले.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. माझं गॅरेज नाही, कधी नव्हतं. घरासमोरचं खळं, त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आणि हळूहळू जमवलेली हत्यारं एवढ्यावर मी आधी स्वतःच्या आणि मग नात्यातल्या, शेजारच्या गाड्यांचे पुढचे ॲक्सल बदलत आले. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेक पॅड घालणं हे बरेच जण घरी करतात. ॲक्सल म्हटलं की हात आखडतात. चाक, ब्रेक, सस्पेन्शन, स्टेअरिंग आणि गिअरबॉक्स हे सगळं एकाच वेळी सोडवावं लागतं, आणि एकदा सोडवलं की गाडी अर्धवट ठेवून चालत नाही. मला हे काम आवडलं ते याच कारणाने. आणि त्यात जे बिघडतं ते जवळजवळ दर वेळी घाईने बिघडतं, ताकद कमी पडल्यामुळे नाही, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता ते ठामपणे सांगू शकते.

माझ्या लहानपणी वडिलांकडे फिएट होती, प्रीमियर पद्मिनी. ती मागच्या चाकांवर चालायची. पुढच्या चाकांचं काम फक्त वळायचं. इंजिनाची ताकद गाडीच्या पोटाखालून लांब शाफ्टने मागे जायची, आणि त्या शाफ्टचे क्रॉस जॉइंट ग्रीस भरून घेतले की वडिलांचं समाधान व्हायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आपल्याकडच्या साध्या घरांत पुढच्या चाकांवर चालणारी गाडी शिरली. आता तेच चाक गाडी ओढणार, तेच वळणार आणि खड्ड्यात तेच वरखाली होणार. फिएटमधला साधा क्रॉस जॉइंट इथे चालत नाही. तो कोनात वाकवून फिरवला तर एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. थोड्या कोनात ते खपून जातं. पूर्ण वळलेल्या चाकाला मात्र झटके बसले असते आणि स्टेअरिंग हातात थरथरलं असतं.

यावरचा उपाय आल्फ्रेड झेप्पा नावाच्या फोर्ड कंपनीतल्या अभियंत्याने १९२६ साली काढला. एका वाटीत सहा खोबणी, मधल्या गाभ्यावर सहा खोबणी आणि दोघांच्या मध्ये एका जाळीत बसवलेले पोलादाचे सहा छर्रे. शाफ्ट कितीही वाकला तरी हे छर्रे दोन्ही बाजूंच्या कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत राहतात, त्यामुळे जेवढ्या वेगाने शाफ्ट फिरतो तेवढ्याच वेगाने चाक. अलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली इंग्लंडमध्ये मिनी गाडी काढली तेव्हा पुढच्या चाकांसाठी हाच जॉइंट वापरला, आणि मग जगभरच्या लहान गाड्यांत तो गेला. आज आपल्या गल्लीतल्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांमागे तो आहे, साधारण ४५ अंशांपर्यंत वाकतो, आणि एका रबरी बुटाच्या भरवशावर जगतो.

तो बूट म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मूळ. घड्या घड्यांचं रबर, दोन्ही टोकांना पट्ट्या, आत काळं ग्रीस. कोकणात उन्हाळ्यात रबर कडक होतं, पावसाळ्यात लाल चिखल घडीत बसतो, चिखल सुकला की काचकागदासारखा घासत राहतो. एके दिवशी घडीत नखाएवढी चीर पडते. चाक फिरताना ग्रीस त्या चिरेतून बाहेर फेकलं जातं आणि चाकाच्या आतल्या बाजूला, सस्पेन्शनवर काळी ओली रेघ उमटते. त्याच चिरेतून माती आणि पाणी आत जातं. आवाज यायला लागतो तो यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे कट-कट ऐकू येईपर्यंत खेळ संपलेला असतो. बूट काही शेकड्यांत येतो, ॲक्सल काही हजारांत. पावसाळा संपला की स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे करून बॅटरीच्या उजेडात दोन्ही बूट घडी उलगडून पाहायचे. मी दर दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी हे करते.

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये माझ्या बहिणीच्या गाडीचे दोन्ही ॲक्सल बदलले गेले. फाटला होता एकच बूट, तोही नुकताच, आणि आवाज काहीच नव्हता. तिने जुने ॲक्सल परत मागितले म्हणून मला ते पाहता आले. उजवीकडचा तर हातात फिरवला तेव्हा लोण्यासारखा फिरला. तिथल्या कामगाराला मी दोष देत नाही. त्याला दिवसाला ठरलेल्या गाड्या काढायच्या असतात. जॉइंट खोलून, धुऊन, पाहून, ग्रीस भरून परत बसवायला जो वेळ लागतो तो त्याच्याकडे कोणी ठेवलेलाच नसतो. अख्खा ॲक्सल बदलणं त्याला पटकन जमतं. घरच्या माणसाकडे त्याच्याइतकी हत्यारं नसतात, सराव नसतो, लिफ्ट नसते. पण वेळ असतो, आणि हे काम वेळेला फार मानतं.

जॉइंट खोलून पाहणं हा या कामातला माझा सगळ्यात लाडका भाग. जुना ॲक्सल वाइसमध्ये धरायचा, बुटाच्या पट्ट्या कापायच्या आणि ग्रीस बोटांनी काढायचं. चांगलं ग्रीस काळं, एकसारखं, बोटांवर रेशमी लागतं. बिघडलेलं करड्या रंगाचं होतं, बोटांत चोळलं की कचकच लागते, आणि उन्हात धरलं तर लोखंडाची बारीक चमक दिसते. मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून जॉइंट शाफ्टवरून ठोकून काढायचा आणि रॉकेलने धुवायचा. आतला गाभा एका बाजूला दाबून कलता केला की समोरच्या बाजूचा एक छर्रा जाळीच्या खिडकीतून वर येतो. तो काढायचा, गाभा थोडा फिरवून कलवायचा, पुढचा. असे सहा. शेवटी जाळी काटकोनात उभी करून वाटीतून काढायची. आता वाटीतल्या खोबणी दिसतात. चांगल्या असतील तर आरशासारख्या गुळगुळीत, छर्रा जिथे फिरतो तिथे एक मंद पट्टा. खराब असतील तर त्या पट्ट्यात खळगा पडलेला असतो, नख अडकतं. तो खळगा म्हणजेच तो आवाज: चाक वळलं की छर्रा खोबणीत पुढेमागे सरकतो, खळग्याच्या काठावर चढतो आणि धप्पकन उतरतो.

असाच एक जॉइंट मी शाळेत नेला होता. नववीच्या वर्गात टेबलावर कापड अंथरून मुलांकडून तो जुळवून घेतला. पुस्तकात वर्तुळाकार गती वाचताना मागच्या बाकावर पेंगणारा एक मुलगा त्या दिवशी मधल्या सुट्टीतही उठला नाही. त्याने पुढे आयटीआय केलं आणि चिपळुणात स्वतःचं गॅरेज टाकलं. या कामातलं मला जे येतं त्यातलं अर्धं नंतर त्यानेच मला शिकवलं.

त्याच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे आवाज नीट ऐकणं. मोकळं मैदान शोधायचं, काचा खाली करायच्या, स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फिरायचं, रेस द्यायची आणि सोडायची. डावीकडे वळताना आवाज आला तर बहुतेक वेळा उजवीकडचा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. सरळ जाताना वेग घेतला की गाडी थरथरते आणि रेस सोडली की थांबते, तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारा घुंऽऽ असा आवाज चाकाच्या बेअरिंगचा. खड्ड्यात ठक् झालं तर खालचा बॉल जॉइंट बघायचा. मला कितीतरी जण भेटले ज्यांनी बेअरिंगच्या आवाजासाठी ॲक्सल बदलून घेतला आणि आवाज तसाच घेऊन घरी आले.

"बाई, आवाज कुठून येतो ते गाडी सांगते," तो म्हणायचा. "आपण तिला बोलू द्यायला पाहिजे."

लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते हब नटाबद्दल. चाकाच्या मधोमध असणारा हा मोठा नट ॲक्सलला चाकाशी बांधतो आणि बेअरिंगही तोच दाबून धरतो. तो बाईमाणसाच्याने सुटतो कसा, असा प्रश्न येतो. लहान गाड्यांमध्ये तो साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो. माझं वजन ५५ किलो. गोटी पान्याच्या टॉमीवर एक मीटर लांबीचा पाईप चढवला आणि त्याच्या टोकावर माझं निम्मं वजन टाकलं, तरी २७० च्या आसपास होतात. गंजलेल्या नटाला जास्त लागतं, म्हणून पूर्ण वजन टाकायचं. यात दंडाच्या ताकदीचा संबंध कुठेच येत नाही. संबंध येतो तो आदल्या रात्रीचा. चाकाची मधली टोपी काढायची, तारेच्या ब्रशने आटे घासायचे, काही गाड्यांत स्प्लिट पिन असते ती काढायची, काहींत नटाची कड शाफ्टच्या खोबणीत ठोकून बसवलेली असते ती छिन्नीने उचलायची, आणि गंज सोडवायचं तेल मारून झोपायचं. सकाळी चहा ठेवायच्या आधी परत एकदा मारायचं. ज्यांनी हे केलं त्यांचा नट सुटला. सकाळी दहाला येऊन अकराला नट काढायला बसलेल्या माणसाचा पाईप वाकलेला मी पाहिला आहे.

नट सैल करायचा तो गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी असताना, हँडब्रेक ओढून, आत कोणालातरी ब्रेकवर बसवून. जॅकवर चढवलेल्या गाडीला एवढा जोर लावायचा नाही, कधीही नाही.

जॅकवरून एक प्रसंग सांगितला पाहिजे. कोकणात घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, म्हणून प्रत्येकाच्या आवारात चार-सहा चिरे पडलेले असतातच. आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी गाडी डिकीतल्या जॅकने उचलली, खाली दोन चिरे रचले, जॅक काढला आणि खाली शिरायच्या तयारीत होते. मी रस्त्याने जात होते. चिऱ्याच्या वरच्या कडेवर लोखंडी पट्टी टेकली होती आणि तिथून लाल भुकटी गळत होती. मी त्यांना शर्टाला धरून मागे ओढलं. ते चिडले, मीही चिडले. शेवटी माझ्या शेडमधून लोखंडी स्टँड आणून लावले तेव्हाच मी तिथून हलले. पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जांभा भिंतीत सुंदर टिकतो, कारण तिथे भार सगळ्या चिऱ्यावर सारखा पसरतो. एका टोकाला भार आला की तो फुटतो, आणि फुटण्याआधी सांगत नाही. वीट तशीच, सिमेंटचा ब्लॉकही तसाच. डिकीतला जॅक पंक्चर काढण्यापुरता. गाडीखाली हात घालायचा असेल तर दोन स्टँड, सपाट कठीण जमीन, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवलेलं. पैसे कमी असतील तर ॲक्सल लोकल घ्या, स्टँड चांगले घ्या. आणि घरात दुसरं माणूस नसेल तर मी आजही गाडीखाली जात नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचं घर उंचावर, आम्ही वाचलो. माझ्या त्या विद्यार्थ्याचं गॅरेज सखल भागात होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा शटर वाकलं होतं आणि आत गुडघाभर गाळ होता. वर्षानुवर्षं जमवलेली हत्यारं आम्ही गाळातून हातांनी चाचपून काढली. पाने, गोट्या, पुलर टोपल्यांत भरून माझ्या खळ्यात आणले, नळाखाली धुतले, डिझेलमध्ये बुडवून ठेवले. तो काही बोलत नव्हता, नुसता एकेक गोटी पुसून आकाराप्रमाणे लावत होता. विजेवर चालणारं त्याचं एकही यंत्र वाचलं नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्याही बुडाल्या होत्या. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांचं काहीतरी झालं. जुन्या गाड्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्या मालकांच्याच गळ्यात राहिल्या.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत आमचं खळं म्हणजेच त्याचं गॅरेज होतं. शाळेतून आले की मी साडी बदलून शेडमध्ये जायची. पुरात बुडालेल्या गाडीचा ॲक्सल काढणं कसं असतं ते मला तेव्हा कळलं. बारीक गाळ बुटाच्या पट्ट्यांखालून आत गेलेला, गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी शिरून तेल दुधासारखं झालेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲक्सलचे दाते हबमध्ये गंजून एकजीव झालेले. नट सुटतो, पण ॲक्सल हबमधून मागे सरकत नाही.

एका गाडीचे मालक स्वतः मदतीला आले होते. दुकान बुडालेलं, माल गेलेला, आणि गाडी नसल्यामुळे कराडहून नवा माल आणता येत नव्हता. त्यांची घाई खरी होती, त्यांना कोण काय म्हणणार? आम्ही तेल मारून, ॲक्सलचं टोक स्क्रूने ढकलणारा पुलर लावला होता आणि जेवायला गेलो होतो. तेवढ्यात त्यांनी पुलर काढून ॲक्सलच्या टोकावर मोठ्या हातोडीने घाव घातले. आम्ही परत आलो तर टोक चेपून पसरलं होतं, आटे गेले होते, आणि आता तो ॲक्सल हबमधून मागेही जाईना, त्यावर नटही चढेना. टोक कापावं लागलं, आणि एवढ्या ठोक्यांनी चाकाचं बेअरिंगही गेलं. माझ्या विद्यार्थ्याने त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. पुढच्या गाडीला त्याने पुलर लावून स्क्रू थोडा ताणला, तेल मारलं आणि तो तसाच सोडून दुसऱ्या कामाला लागला. दर तासाने येऊन पाव फेरा. संध्याकाळी आम्ही चहा पीत असताना फाट् असा आवाज झाला. ॲक्सल स्वतःच सुटला होता. मालक उडालेच. पुलर नसेल तर जुना नट ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत येईल इतका चढवायचा आणि लाकूड मध्ये धरून ठोकायचं, म्हणजे आटे वाचतात. पण पुलर आणि वेळ यांच्याइतकं काही नाही.

हब सुटला की पुढचं काम शांतपणे होतं. ब्रेकचा कॅलिपर निघाला तर तो तारेने स्प्रिंगला टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की चाकाचा सगळा गाभा बाहेर झुलतो आणि ॲक्सलचं बाहेरचं टोक मोकळं होतं. गिअरबॉक्समधलं तेल आधीच काढून ठेवायचं. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये एका छोट्या सर्क्लिपने अडकलेलं असतं. इथे लोक शाफ्टला धरून ओढतात. ओढायचं नाही. आतला जॉइंट सरकता असतो, तीन रोलरांचा, तो आतल्या आत निखळतो आणि गिअरबॉक्समधलं टोक तिथेच राहतं. गिअरबॉक्स आणि जॉइंटच्या मध्ये पहार घालून हलकी उचकटायची. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, तेव्हा पहार टेकवायची जागा पाहून. एका बाजूचा ॲक्सल बसल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एकदम काढले की आतले गिअर जागचे सरकतात. शिवाय दुसरी बाजू जशीच्या तशी असली की शंका आली तर बघायला नमुना राहतो.

नवा ॲक्सल आला की तो जुन्याशेजारी चटईवर ठेवायचा. लांबी, दोन्ही टोकांचे दाते, एबीएस असेल तर त्याची चकती, सगळं जुळतं का ते मोजून पाहायचं. दोन बाजूंचे ॲक्सल सहसा एकाच लांबीचे नसतात, कारण गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध नसतो. आमच्याकडे सुटे भाग बरेचदा कराडहून किंवा कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने येतात. एकदा उजव्याऐवजी डावा आला. चटईवर ते क्षणात कळलं. गिअरबॉक्सला लावून बघत बसलो असतो तर नवं सील कापलं गेलं असतं.

ते सील म्हणजे एक साधी रबरी कडी. ॲक्सल काढला की ते बदलायचंच, मग ते चांगलं दिसो वा न दिसो. बसवताना त्याच्या ओठाला तेल लावायचं, ॲक्सल दोन्ही हातांनी सरळ धरायचा, दाते ओठाला न लागता आत न्यायचे, आणि शेवटी एकच ठाम धक्का. सर्क्लिप टक् करून बसते. तो टक् हाताला कळला नाही तर काम झालेलं नाही. मग आतल्या जॉइंटला, शाफ्टला नव्हे, धरून ओढून खात्री करायची.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीचा खालचा भाग आपल्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या खिळ्यांसारखा गंजतो. मजुरी इतकी की बरेच जण घरीच काम करतात. तिकडे सुट्या भागांच्या दुकानात अनामत ठेवून पुलर आणि टॉर्क रेंच घरी नेता येतात, आणि जुना ॲक्सल परत केला की तो पुन्हा दुरुस्त करायला घेऊन अनामत परत देतात. व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्यासमोर पहिला ॲक्सल काढला. मावशी, हे बरोबर आहे ना, असं तो प्रत्येक बोल्टला विचारत होता. त्याच्याकडे हत्यारं माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. मी त्याला फक्त थांबवत राहिले. हत्यारं अशी भाड्याने मिळाली तर आपल्याकडेही किती लोकांना हे काम करता येईल, हे मी त्या रात्री माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं.

शेवटचा नट आवळणं हे सगळ्यात महत्त्वाचं. कड ठोकलेला नट पुन्हा वापरायचा नाही, नवा आणायचा. चाक लावून, गाडी जमिनीवर आणून, मग टॉर्क रेंचने त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळायचा. अंदाजाने आवळला आणि सैल राहिला तर बेअरिंग जातं, फार आवळला तरी जातं. मग नवी कड ठोकायची किंवा नवी स्प्लिट पिन घालायची, गिअरबॉक्समध्ये तेल भरायचं, आणि मैदानात गोल फिरून यायचं. दुसऱ्या दिवशी चाकाचे नट पुन्हा तपासायचे आणि गाडीखाली कागद टाकून रात्रभर तेल गळतं का पाहायचं. ॲक्सल बदलला की चाकांचं अलाइनमेंटही तपासून घ्यावं, कारण टाय रॉड आणि आर्म हलवलेले असतात.

हे सगळ्यांनी घरी करावं असं मी म्हणत नाही. उतारावरचं आवार, चिखलाची जमीन, उद्या पहाटे लग्नाला निघायचंय अशी गाडी, यांपैकी काही असेल तर गॅरेजला न्या. बूट फाटला आहे पण आवाज नाही, हातात दोन मोकळे दिवस आहेत, गाडी न वापरता चालणार आहे, तर मात्र जरूर करा. गॅरेजवाल्याशी भांडून करू नका, त्याला विचारून करा. माझा अनुभव असा की चांगला मिस्त्री मनापासून विचारलेला प्रश्न कधी टाळत नाही.

माझ्या विद्यार्थ्याचं गॅरेज आता पुन्हा उभं आहे, थोड्या उंचावरच्या जागेत. रविवारी तो एक जागा, दोन स्टँड, पुलर आणि टॉर्क रेंच ज्यांना स्वतः काम करायचं आहे त्यांना भाड्याने देतो आणि मी तिथे जाऊन बसते. एका दंतवैद्य बाईंच्या वॅगन आरचा उजवा बाहेरचा जॉइंट आवाज करतोय, त्या या रविवारी येणार आहेत. हब नटाला त्यांनी शुक्रवारपासूनच तेल मारायला सुरुवात केली आहे. काल फोन करून विचारत होत्या, "मॅडम, शनिवारी रात्री परत मारू का?"

मारा, म्हटलं. आणि रविवारी सकाळी निघताना परत एकदा.